मदत हवी आहे: लंडनमधल्या आमच्या कौन्सिल इस्टेटचा पुनर्विकास, मत काय द्यावं?

नमस्कार मंडळी,

पूर्व लंडनमधल्या एका कौन्सिल इस्टेटमध्ये, म्हणजे स्थानिक पालिकेच्या (कौन्सिलच्या) वसाहतीत, आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना राइट टू बाय, म्हणजे राहतं घर कौन्सिलकडून विकत घ्यायचा हक्क, मिळाला, तेव्हा तिथल्या भाडेकरूने तो कौन्सिलकडून विकत घेतला. त्यांच्याकडून २०१२ साली आम्ही घेतला. म्हणजे आम्ही लीजहोल्डर (फ्लॅट दीर्घ मुदतीच्या करारावर आमचा, इमारत आणि जमीन कौन्सिलची), आणि आमच्या मजल्यावरच्या आठ घरांपैकी पाच अजून कौन्सिलच्या भाडेकरूंची. आता सगळी इस्टेट पाडून नवी बांधायचा प्रस्ताव आलाय. सहा आठवड्यांत मतदान आहे.

मुंबईला फोन केला की पहिला प्रश्न, "किती स्क्वेअर फूट वाढवून देतायत?" मावशीचं सगळं आयुष्य वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत गेलं, आता तिला ५०० चौरस फुटांचं घर फुकट आणि मालकीचं मिळणार आहे. त्यामुळे इथलं प्रकरण समजावताना दमछाक होते. गणित तसं ओळखीचंच: विक्रीच्या घरांच्या पैशावर बाकीची घरं उभी करायची. पण इथे भाडेकरू भाडेकरूच राहतो, आणि लीजहोल्डरने आपलं घर बाजारभावाने कौन्सिलला विकायचं. वर दहा टक्के होम लॉसचे, म्हणजे घर सोडावं लागल्याच्या भरपाईचे, त्यालाही कमाल मर्यादा. तेवढ्यात त्याच जागी नवं घर येत नाही.

आमच्या फ्लॅटची किंमत ३ लाख ३० हजार पौंड धरली आहे, तेवढ्याच नव्या फ्लॅटची ५ लाख ६० हजार. होम लॉस धरूनही जवळजवळ दोन लाख कमी. त्यावर कौन्सिलचा तोडगा शेअर्ड इक्विटीचा: सुमारे ६५ टक्के आमचं, उरलेला हिस्सा त्यांचा, त्यावर भाडं नाही. कुणी असं घर घेतलं आहे का? उद्या आम्ही गेलो तर मुलीला ते तसंच मिळतं, की कौन्सिलचा हिस्सा चुकता करावा लागतो? आणि चालू गृहकर्ज तिकडे नेताना बँकेने काय म्हटलं?

पाडूच नये असं माझं म्हणणं नाही. इमारत साठच्या दशकातली, कारखान्यातून आणलेली काँक्रीटची पॅनल जोडून उभी केलेली. १९६८ साली न्यूहॅममध्ये रोनन पॉइंटच्या अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, तो अख्खा कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली आला आणि चार माणसं गेली. त्यानंतर अशा कितीतरी इमारतींतून गॅस काढला. आमच्याकडेही नाही, इतकी वर्षं मी इलेक्ट्रिक शेगडीवर तव्यातच फुलके दाबून दाबून फुगवते आहे. हिवाळ्यात मुलीच्या कपाटामागची भिंत घामाघूम होते. दर शनिवारी कपाट पुढे ओढायचं आणि काळी बुरशी पुसायची. तिला दमा आहे.

खरा घोळ माझ्या मनात दुसऱ्याच गोष्टीचा आहे. शेजारी जमैकाच्या एक आजी राहतात, इमारत नवी होती तेव्हापासून. त्यांच्या दारासमोरच्या कट्ट्यावर माझी मेथी आणि त्यांचं थाइम एकाच कुंडीत आहे. माहितीपुस्तिका मीच त्यांना वाचून दाखवली. भाड्याची, शेअर्ड ओनरशिपची (थोडा हिस्सा विकत, उरलेल्यावर भाडं) आणि विक्रीची घरं मिळूनमिसळून असतील असं तिच्यात पानोपानी लिहिलंय. पण नकाशा उघडला तर भाड्याची घरं रेल्वेच्या बाजूला, विक्रीचा टॉवर बागेकडे. आम्हाला देऊ केलेलं घर टॉवरमध्ये. आजींचं रेल्वेकडे. दारं वेगळी, जिने वेगळे.

मागच्या रविवारी हॅकनीची किंग्ज क्रेसेंट इस्टेट पाहून आलो. तिथे कौन्सिलनेच विकासकाचं काम केलं. जुन्या इमारती ठेवून त्यांना नव्या बाल्कन्या लावल्या आणि मधल्या जागेत नवी घरं घातली. मधला रस्ता मुलांना खेळायला सोडलाय. भाड्याचं घर कुठलं आणि विकत घेतलेलं कुठलं, मला बाहेरून अजिबात ओळखता आलं नाही. हे जमतं, तर आमच्याकडे का नाही? उलट उदाहरणही डोळ्यासमोर आहे. सदर्कमधली हेगेट इस्टेट पाडली, बाराशेच्या वर घरं गेली, आणि त्या जागी मंजूर झालेल्या अडीच हजारांच्या आसपास घरांत सामाजिक भाड्याची, म्हणजे कौन्सिलसारख्या कमी भाड्याची, जेमतेम शंभर.

माझ्या मताने आजींचं नुकसान होऊ नये, आणि मुलीने आणखी दहा हिवाळे त्या भिंतीपाशी काढू नयेत. काय करू?

प्रतिसाद:
ताई, मी इथे आर्किटेक्ट आहे, अशा दोन इस्टेटींवर काम केलंय. जिने वेगळे ठेवण्यामागे बहुतेक वेळा सर्व्हिस चार्जचं कारण असतं. टॉवरचा कन्सिअर्ज (स्वागतकक्षातला माणूस) आणि जिम यांचा खर्च भाडेकरूंच्या माथी येऊ नये म्हणून भाड्याची घरं सांभाळणारी ना-नफा संस्था, हाउसिंग असोसिएशन, हीच वेगळा जिना मागते. कारण खरं आहे, पण त्यासाठी भाडेकरूंना रेल्वेकडे ढकलायची गरज नाही. बाग सगळ्यांना, विटा आणि दारं सगळीकडे सारखी, आणि प्रत्येक बाजूला तिन्ही प्रकारची घरं, एवढं नक्की मागा. मतदानाआधी रहिवाशांना काय मिळणार ते सांगणारा जो लँडलॉर्ड ऑफर देतात त्यात हे लेखी हवं, पुस्तिकेतल्या चित्राला किंमत नाही. आजींना मधे कुठे तात्पुरतं हलवणार की थेट नव्या घरात, हेही विचारा. दोनदा डिकँट झालेली, म्हणजे दोनदा घर हलवावं लागलेली, वयस्कर माणसं परत येत नाहीत, हे मी पाहिलंय. आणि मजल्यावर कुणी खाजगी भाड्याने राहत असेल तर सांगा: कौन्सिलच्या घरांच्या यादीत वर्षभर नाव असेल, तर २०१८ पासूनच्या नियमाने त्यांनाही मत आहे. पुष्कळांना ते माहीतच नसतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. मतदानाचं खरंच माहीत नव्हतं, कोपऱ्यातल्या फ्लॅटमधलं जोडपं दोन वर्षं यादीत आहे, आत्ताच त्यांना सांगून आले. गुरुवारी कम्युनिटी हॉलमध्ये बैठक आहे, तिथे लेखी उत्तर मागते. आजी म्हणाल्या, नकाशावर रेल्वे कुठे आहे ते मला आधी बोट ठेवून दाखव, मग प्रश्न मीच विचारते. शेअर्ड इक्विटीचा अनुभव असलेल्यांनी कृपया अजूनही लिहावं.