व्हिएन्नाचा शोनब्रुन राजवाडा: लहान तिकीट काढावे की मोठे?

झरीचे_गुरुजी
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून यवतमाळ जिल्ह्यात गावी आठ एकर वावर आहे. मुलगी शिक्षणासाठी व्हिएन्नाला असते. सोयाबीनची सोंगणी आटोपून आणि कापसाच्या पहिल्या वेच्याची सीतादही ही पूजा करून नोव्हेंबरच्या आरंभी मी व सौ. तिच्याकडे जाणार आहोत. तिला सवड एकाच दिवसाची आहे आणि त्या दिवशी शोनब्रुन राजवाडा दाखवायचे तिने ठरवले आहे. राजवाड्यात 1,441 खोल्या असून त्यांपैकी सुमारे 40 लोकांना पाहता येतात आणि थोड्या खोल्यांचे व सगळ्या खोल्यांचे अशी दोन तिकिटे मिळतात, असे तिने कळवले. सौ.चे गुडघे दुखतात. शिवाय तिकिटांतला फरक रुपयांत मोजला की दोन दिवसांच्या वेचणीची मजुरी डोळ्यांपुढे उभी राहते. मोठे तिकीट काढावे असे आत खरोखर काही आहे काय?

दारव्ह्याचा_कास्तकार
गुरुजी, माझे मत स्पष्टच सांगतो. बागेत जायला पैसे लागत नाहीत आणि राजवाड्याचा तो प्रसिद्ध पिवळा रंग बागेतूनच सर्वांत चांगला दिसतो. समोरच्या टेकडीवर 1775 मध्ये बांधलेली ग्लोरिएट नावाची कमानींची वास्तू आहे, परंतु तिथवर चढ असल्यामुळे वहिनींना तो आग्रह करू नये. आवारात 1752 पासूनचे प्राणिसंग्रहालय आहे, जगातले चालू असलेले सर्वांत जुने. पण ताडोब्याच्या जिल्ह्याला लागून राहणाऱ्याने त्यासाठी वेगळे तिकीट काढावे असे मला वाटत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या खोल्या दहा पाहिल्या काय आणि चाळीस पाहिल्या काय, विसाव्या खोलीनंतर डोळे थकतात.

वरोऱ्याची_लेक
दादांचे बागेविषयीचे म्हणणे एरवी मान्य आहे, पण नोव्हेंबरात तिथे झाडे ओकीबोकी असतात आणि फुलांचे ताटवे काढलेले असतात; तेव्हा त्या दिवसांत राजवाडा आतूनच पाहावा. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. गुरुजी, मोठे तिकीट काढा, आणि ते एका खोलीसाठी काढा. तिला तिथे ‘मिलियन्स रूम’ म्हणतात. मौल्यवान लाकडाच्या भिंतींत सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटी बसवल्या आहेत आणि त्या चौकटींत आपल्याकडची मुघल लघुचित्रे आहेत: दरबार, शिकार, बागेतल्या बैठका. ही चित्रे ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिच्या घरच्या माणसांनी चौकटीच्या आकारासाठी कापली आणि एका चित्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला. मला ते पाहून आधी रागच आला. मग जवळ जाऊन ते जोड शोधण्यात मी इतकी रमले की सासूबाई पुढच्या खोलीतून मला बोलवायला परत आल्या. मारिया थेरेसा 1740 मध्ये गादीवर आली आणि 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या, हे मनात ठेवून पाहिले की तो काळ परका वाटत नाही.

दुसरी गोष्ट चुलीची. खोल्यांच्या कोपऱ्यांत पांढऱ्या-सोनेरी चिनी मातीच्या उंच शेगड्या आहेत, पण लाकूड घालायला त्यांना समोरून दारच नाही. भिंतीमागच्या अरुंद बोळांतून नोकर मागल्या बाजूने जळण सारत, म्हणजे राख-काजळी राजाच्या खोलीत येत नसे. आयुष्यभर चुलीचा धूर खाल्लेल्या सासूबाईंनी कोपऱ्याला वळसा घालून ते तोंड शोधले आणि न सापडल्यावर म्हणाल्या, “मंग जाळ कुठून लावत असन?” ध्वनिमार्गदर्शक यंत्र कानाला लावून बाकीचे लोक छताची चित्रे पाहत होते.

फ्रान्झ योझेफ या सम्राटाची खोलीही चुकवू नका. त्याने 1848 ते 1916 अशी 68 वर्षे राज्य केले, जन्म आणि मृत्यू दोन्ही याच राजवाड्यात, आणि झोपायला साधी लोखंडी खाट. पहाटे पाचच्या आधी उठून तो कामाला बसत असे, म्हणजे आपल्या बैलवाल्यांचीच वेळ.

दारव्ह्याचा_कास्तकार
ताई, चुलीचे मला ठाऊक नव्हते. हरलो.

आर्णीचा_पोरगा
गुरुजी, व्यवहाराचे तेवढे सांगतो. आत जाण्याची वेळ तिकिटावर ठरलेली असते, म्हणून ते आधीच ऑनलाइन काढावे आणि शक्यतो सकाळचे घ्यावे. उशीर झाला तर खोळंबा होतो. मुख्य खोल्या वरच्या मजल्यावर आहेत, परंतु लिफ्ट आहे. काकूंचे गुडघे दुखतात असे प्रवेशाजवळच्या कर्मचाऱ्याला सांगितल्यास ते वाट दाखवतात. पाठीवरची मोठी पिशवी आणि छत्री आत नेता येत नाही, सामानघरात ठेवावी लागते. भूमिगत रेल्वेच्या यू-4 मार्गावर राजवाड्याच्याच नावाचे स्थानक आहे. तहसील कार्यालयात रांग धरून उभे राहण्याचा सराव असलेल्या माणसाला यात जड असे काही नाही.

झरीचे_गुरुजी
सर्वांचे आभार. मोठे तिकीट सकाळचे काढ, असे मुलीला आत्ताच कळवले. ताईंचा मजकूर सौ.ला वाचून दाखवला तेव्हा ती भाकरी थापत होती. मुघल चित्रांविषयी ती काही बोलली नाही, पण शेगडीचे तोंड कोणत्या भिंतीमागे असेल याबद्दल तिचा अंदाज तयार आहे.