सव्वादोनच्या बांगड्या (हातपाय 'वाढलेल्यांनी' अनुभव लिहा)

आंबील_लातूर: वेळा अमावास्येला शेतात जायचं म्हणून पेटी उपसली. तळाशी लग्नातल्या सव्वादोनच्या बांगड्या निघाल्या. आता पावणेतीनची बी चढत नाही. कासारमामा म्हणायचे, "ताई, बाळंतपणात हात सुटला." सहा वर्षं मी तेच धरून बसले. जोडवी सोनाराकडं कापून काढली, चप्पल 5 ची 8 झाली, गुडघ्याला बाम चोळत राहिले. शेवटी दातांत फटी पडल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लग्नाचा फोटो मागितला, दोनदा माझ्या जबड्याकडं बघितलं अन् म्हणाल्या, रक्त तपासा. ॲक्रोमेगली. मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीवर गाठ, त्यातून ग्रोथ हार्मोन सुटलेलं. 2016 ला नाकातून ऑपरेशन झालं. बोटांची सूज उतरली, हाड मात्र तसंच.

दुधना_काठ: धाकट्या भावाचं 15 व्या वर्षीच. हाडांची टोकं जुळायची होती म्हणून तो उंचच वाढला, तुमच्यासारखं रुंद नाही. अख्खं गाव म्हणे पोलीस भरतीला लावा. धावायला गेला की गुडघे धरून खाली बसायचा, त्याला आम्ही आळशी म्हणलो 😔

नांदेडची_सून: आमचे हे लई घोरतात, चप्पल मात्र 7 चीच. भ्यावं का?

दुधना_काठ: वहिनी, त्यांना कुशीवर झोपवा आधी 😂

बीड_बायपास: मला तीन वर्षं संधिवाताच्या गोळ्या. नंतरच्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे लावून दाखवला, सांध्यातली फट उलट मोठी दिसत होती. कूर्चा आधी फुगते, मग झिजते म्हणे. माझी आता झिजलीय. रात्री बोटं बधिर होतात, मनगटात नस दबलीय. डेक्सा (हाडाची घनता मोजायची तपासणी) चांगली आली अन् तरी मणका दबला! कुणाचा?

आंबील_लातूर: दादा, माझा बी. मणक्याचा एक्स-रे वेगळा काढायला लावा, डेक्सावर जाऊ नका. आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोन जास्त आहे का ते सांगणारी रक्ताची तपासणी) केली का? मला 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास रक्त काढलं. साखरेनं हार्मोन खाली यायला पाहिजे, माझं जागचं हललं नाही.

बीड_बायपास: केली. वाढलेलीच. महिन्याला सुई चालू आहे, ऑपरेशनला आई नको म्हणते.

आंबील_लातूर: आईंचा नंबर व्यक्तिगत निरोपात टाका, मी बोलते.

हुरडा_पार्टी: विषय सोडून विचारतो, वेळा अमावास्येच्या भज्जीत (बेसन घातलेल्या भाजीत) चिंच किती घालता? आमची दरसाली आंबट होते.

आंबील_लातूर: लिंबाएवढी. बेसन ताकात कालवत असाल तर तेवढी बी नको.