प्रति: शेजाऱ्यांची उपासप्रार्थना आणि आपण

शेजारचे पहाटे चारला प्रार्थनेला उठतात आणि आपल्याला जमत नाही, म्हणून आपला विश्वास कच्चा, हे मूळ पोस्टमधलं म्हणणं पटलं नाही. बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र यालाही दुसऱ्याकडे बघण्याची हीच खोड दिसते. स्वतःचं पुढे काय होणार हे कळताच तो मागे वळून दुसऱ्या शिष्याबद्दल विचारतो, "याचं काय?" येशूचं उत्तर थोडक्यात असं, की त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागे ये.

मला शिफ्टमुळे पहाट जमतच नाही. ठाण्याहून तुर्भ्याला जाताना लोकलमध्ये बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं रोज एक स्तोत्र वाचतो, बस्स. एकूण 150, म्हणजे पाच महिन्यांत संपायला हवीत. पण 119व्याच्या 176 वचनं आहेत, त्यात कोपरखैरणेला खिडकी मिळाली की डोळा लागतो! गेल्या खेपेला सहा महिने लागले.