राजमाची सायकलवरून: वाटेतलं पाणी, सावली आणि मदत कशी हेरायची?

रानचाक
फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सहाजण लोणावळा, तुंगार्ली, वळवंड, फणसराई, उधेवाडी (राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचं गाव) अशा वाटेने सायकली काढतोय. एका बाजूचं अंतर १५-१६ किलोमीटर, परत त्याच दिवशी. पाच हार्डटेल (धक्के झेलणारं सस्पेन्शन फक्त पुढे), एक फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे). टायर २.२ ते २.३५ इंची, दोघांचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले). पावसाळ्यात या वाटेवर जागोजागी ओढे आडवे येतात, पण तेव्हा ते बहुतेक आटलेले असतील. चालवता चालवता पाणी, सावली, आडोसा आणि मदतीच्या जागा टिपायची सवय सगळ्यांना लावायची आहे. नजर कशावर ठेवायची? आणि रानात मिळेल म्हणून सामानातून काय वगळता येईल?

कातळवाट
पाणी तर मुळीच वगळू नका. उन्हात चढणीवर ताशी ५०० ते ७५० मिली लागतं. चार-पाच तास धरले तर माणशी ३ लिटर घेऊनच निघा, परतीचं उधेवाडीत भरा. गावात लोकवस्ती आहे, घरगुती जेवणही मिळतं (आदल्या दिवशी फोन करून सांगा). वाटेतला सगळ्यात खात्रीचा आधार म्हणजे या वाड्याच. वळवंड किती मागे राहिलं आणि फणसराई किती पुढे आहे, हे सहाही जणांना कुठल्याही क्षणी सांगता आलं पाहिजे.

आता रानातलं पाणी. सह्याद्रीत बेसॉल्टचे थर एकावर एक चढलेले आहेत. काही थरांच्या मध्ये तांबड्या, भाजल्यासारख्या मातीचा पट्टा असतो. वरच्या भेगाळ दगडातून मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं आणि डोंगराच्या अंगातून बाहेर झिरपतं. त्यामुळे रस्त्याच्या कापात तांबडी रेघ दिसली की तिच्या लगेच वर ओल, शेवाळ किंवा नेचे आहेत का बघा. कोरड्या ओढ्यात कातळाची पायरी संपते तिथे तळाशी डोह राहिलेला असतो. ओढ्याकाठचा हिरवागार उंबर पाणी जवळ असल्याची खूण आहे, पण ते जमिनीखाली असतं, बाटली भरेलच असं नाही. सावली मात्र चांगली मिळते.

साचलेलं पाणी तसंच पिऊ नका. चार पदरी सुती कापडातून गाळा, मग क्लोरीनची गोळी. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा आणि पूर्ण अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर गोळीचा जोर गाळावरच खर्च होतो, म्हणून गाळणं आधी. बाटलीचं झाकण किंचित सैल करून थोडं पाणी आट्यांमधून वाहू द्या. ओठ तिथेच लागतात आणि ती जागा हमखास राहून जाते.

झाडोरा
गोळ्या विसरल्या तर चूल पेटवून पाणी उकळलं तर चालेल ना?

कातळवाट
फेब्रुवारीत नाही. गवत कडकडीत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा डोंगरभर पसरतो. एक खळखळती उकळी पाण्याला पुरते हे खरं, पण ती गावातल्या चुलीवर काढा. रानात विस्तव नकोच.

ब्रेकलिव्हर
सायकलीचं सांगतो, कारण या वाटेवर अडकण्याचं कारण बहुधा तेच असतं.

सुट्या दगडांवर हवा कमी असेल तर ट्यूब रिम आणि दगडात चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ७० किलोच्या माणसाला ट्यूब असेल तर २८-३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ट्यूबलेसला २२-२६ ठीक. भोक एकच असेल तर काटा समजा, बाभळीचा किंवा बोराटीचा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. काटा जिथे असेल तिथे कापड अडकतं, बोट रक्ताळत नाही. हे न करता ट्यूब बदलली की पाच मिनिटांत तीही जाते. ट्यूबलेसवाल्यांनी सीलंट (टायरमधला भोक बुजवणारा द्रव) निघण्याच्या आदल्या आठवड्यात तपासावं. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं.

टायरची बाजू फाटली तर ओआरएसच्या रिकाम्या पाकिटाची चार पदरी घडी आतून लावा. सगळ्या ट्यूब संपल्या तर टायरमध्ये वाळकं गवत ठासून भरा. पोकळ राहिलं तर टायर रिमवरून निसटतो, म्हणून दाबून दाबून भरायचं आणि चालण्याच्या वेगानेच जायचं. रानातून सायकलीला मिळणारी मदत एवढीच.

मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) दगडावर आपटला की हँगर (त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा) मोडतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे ज्याचा त्याने न्यावा. नसेल तर चेन टूलने चेन तोडून, डिरेलर वगळून, मधल्या गिअरवर सरळ रेषेत जोडा. फुल सस्पेन्शनवर हा उपाय नीट टिकत नाही, कारण सस्पेन्शन दबलं की चेनला लागणारी लांबी बदलते. मागच्या शॉकला लॉकआउट (तो दबू न देणारा खटका) असेल तर तो लावून हळू जा. क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आपल्या चेनच्या स्पीडचाच (मागच्या गिअरांच्या संख्येचाच) हवा, १० च्या चेनला ११ चा नको.

रानचाक
जुन्या ट्यूब फेकायच्या बेतात होतो. त्यांचा काही उपयोग?

पायवाट
दोन-तीन बोटं रुंद, मीटरभर लांब अशा चार पट्ट्या कापून ठेवा. हात मोडला तर पंप किंवा बांबूची कांब कापडात गुंडाळून खपाची (मोडलेल्या हाडाला आधार देणारी पट्टी) म्हणून लावा आणि पट्ट्यांनी बांधा. दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हलता कामा नयेत. बांधल्यावर नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं नाही तर सैल करा.

सापाच्या चाव्यावर मात्र हीच पट्टी कधीही आवळू नका. घोणस आणि फुरसं दोन्ही सह्याद्रीत आहेत, आणि त्यांच्या विषाने चावलेला भाग सुजतो, सडतो. आवळल्याने ती हानी वाढते. कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, पाय खपाचीने स्थिर करा, माणसाला चालवू नका. गावातून गाडी मागवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. ते जवळ कुठे मिळतं हे निघण्याआधीच विचारून ठेवा. मदतीला ११२. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र ही बचाव करणारी संस्था आहे, तिचाही नंबर आधी घ्या. दरीच्या अंगाला नेटवर्क जातं, म्हणून रेंज कुठे मिळते तेही वाटेत टिपा.

आणखी तीन गोष्टी. कड्यावर आग्यामोहोळ दिसलं तर थांबू नका, आरडाओरडा नको, धूर तर नकोच. माशा उठल्याच तर सायकल टाका आणि तोंड झाकून लांब पळा. खाजकुइलीच्या शेंगा या दिवसांत वाळून कूस (बारीक खाजरे केस) सोडतात. अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा, मग धुवा. आणि रानमेवा जेवणात धरू नका. करवंदं एप्रिल-मेमध्ये पिकतात, तेव्हा हिरवी असतील. ओळखीचा नसलेला कंद तर उकरूच नका. कडू कारंद्यासारखे कंद नीट शिजवून कडूपणा काढल्याशिवाय बाधतात.

कातळवाट
वेळेचं राहिलं. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. सातला निघालात आणि साडेअकरापर्यंत उधेवाडी आली नाही, तर असाल तिथून मागे फिरा. बॅटरी तरी प्रत्येकाकडे असू द्या.