१९७१चं नाव घेऊन लिबिया खपवू नका

गुहागरकर: काल देवगडच्या सरांनी लिहिलं, '१९७१ला आपण ढाक्यात घुसलो म्हणून बंगाली वाचले, जिथे कत्तल होईल तिथे मोठ्या देशांनी असंच सैन्य घालावं.' वाचून डोकं फिरलं. सर, तेव्हा आपल्या दारात १ कोटी निर्वासित येऊन बसले होते आणि ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले होते. लिबियाने फ्रान्सचं काय घोडं मारलं होतं? २०११चा सुरक्षा परिषदेचा ठराव नागरिकांच्या रक्षणापुरता. फ्रान्स-अमेरिकेच्या नाटो या लष्करी गटाने तिथला हुकूमशहा गद्दाफी संपेपर्यंत बॉम्ब टाकले आणि हात झटकले. पुढे एका देशात दोन सरकारं बसली. त्या ठरावाच्या मतदानात आपण तटस्थ राहिलो, बरंच झालं.

देवगडकर: बरंच झालं? १९७१ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी 'युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या' सांगितलं होतं. ऐकायचं होतं का? आणि रवांडा? १९९४ला कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना २७० जणांवर आणायचं ठरवलं. लाखोंनी माणसं कापली गेली. वेळेवर कुणी घुसलं नाही, खूश?

दापोलीवाला: माझे वडील १९९०ला कुवेतमध्ये. इराकचा सद्दाम चालून आला तसे बसने अम्मान, तिथून विमानाने मुंबई. अमेरिकेने कुवेत सोडवल्यावर परत गेले, त्याच दिनारांवर घराला स्लॅब पडला. आम्हाला तत्त्वज्ञान नको.

गुहागरकर: स्लॅबचा आनंद आहे. पण तिथे एका देशाने दुसरा गिळला होता. दाखला द्यायचाच तर १९९१ला सद्दामपासून बाहेरच्या सैन्याने वाचवलेल्या उत्तर इराकमधल्या कुर्दांचा द्या.

मालवणी तात्या: लिबिया ऱ्हवांदे बाजूक. आमच्या दर्यात एलईडीवाले मासळी ओढूक रातभर दिव्यांचो उजेड पाडतत, त्येंका कोण धरूचो? केंद्रान २०१७ला बंदी घातली. गस्तीनौका खंय आसा?

हर्णैकर: तात्या, प्रत्येक पर्ससीनवाला, म्हणजे मोठं घेराचं जाळं टाकणारा, एलईडीवाला नसतो. बोटीवर कर्ज आहे आमच्या.

मालवणी तात्या: कर्ज तुमचा आणि मासळी आमची? किनाऱ्यावरसून ओढूच्या आमच्या रापणीक काय गावता ता येवन बघ.

हर्णैकर: म्हणून बोट अडवून आमच्या खलाशांना बदडायचं? तेही 'मासळी वाचवायला'च ना?

मालवणी तात्या: सरकार येना नाय तर काय आरती ओवाळू?

देवगडकर: बघा गुहागरकर, तात्यांना माझं म्हणणं कळलं.

गुहागरकर: डोंबल कळलं. रवांडात जायला हवं होतं, घ्या, मान्य. पण श्रीलंका का टाळता? १९८७ला आपली शांतिसेना तिथे गेली, १९९०ला हजारावर जवान गमावून परतली. माझे मामा होते त्यात. अजून विचारतात, आम्ही नक्की कुणाला वाचवायला गेलो होतो?

देवगडकर: मामांना नमस्कार. पण तिथे करार होता, बोलावून नेलं होतं. फरक करायला तुम्हीच शिकवलंत ना वर?

मालवणी तात्या: करार करून बोलावलात तरी आमची गस्तीनौका काय येवची नाय.