१९४४ सालातील मालिका: संहितेत काळाच्या चुका राहू नयेत म्हणून सल्ला हवा

चाटीगल्ली:
नमस्कार. सोलापुरातील एक गिरणी कामगार आणि मराठा पलटणीत भरती होऊन इटलीच्या आघाडीवर गेलेला त्याचा धाकटा मुलगा, अशा कथेवर मी दूरचित्रवाणीसाठी आठ भागांची मालिका लिहीत आहे. पहिला खर्डा एका निवृत्त सुभेदारांना वाचायला दिला, तर त्यांनी दुसऱ्याच पानावर बोट ठेवले. १९४४ च्या प्रसंगात मी ‘नायब सुभेदार’ असे पद लिहिले होते. त्या काळी त्याला जमादार म्हणत आणि ते नाव बदलले १९६५ मध्ये. ज्यांच्या घरची माणसे खरोखर त्या युद्धावर गेली, त्यांच्यासमोर अशी चूक जाऊ नये असे मला मनापासून वाटते. आणखी काय तपासावे, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

भुईकोट:
बंदुकांपेक्षा आधी कागद तपासावेत असे मी सुचवेन, कारण शस्त्रांकडे सगळ्यांचेच लक्ष असते आणि पाकिटावरचा पत्ता मात्र कोणी वाचत नाही. मुलाच्या पत्रावर पिनकोड नको, तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ‘महाराष्ट्र’ही नको, तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो. शिवाय आघाडीवरची पत्रे सेन्सॉर होत असल्याने त्याने आपण कोणत्या गावाजवळ आहोत हे खुलेपणाने लिहिणे पटणार नाही, आणि खरे तर आईला ठिकाणच न कळणे हा तुमच्या कथेला मिळालेला मोठा आधार आहे.

शौर्यपदकाचा प्रसंग असेल तर परमवीर चक्र लिहू नका, ते २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. प्रभातफेरीतल्या तिरंग्यावर चरखा हवा. अशोकचक्र असलेला ध्वज २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला गेला. पगाराचा हिशोब रुपये-आणे-पैत करावा. भिंतीवर घड्याळ दाखवणार असाल तर सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातील प्रमाणवेळ एक तास पुढे नेलेली होती, हेही ध्यानात असू द्या.

आपल्या गावाबद्दल एक विनंती. चीनमध्ये वैद्यकीय सेवा करणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या निधनाचा उल्लेख करणार असाल, तर ते ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. त्याआधीच्या कोणत्याही प्रसंगात तो संवाद येऊ देऊ नये. सोलापूरकर प्रेक्षकाला तो अचूक खटकेल.

संकलनटेबल:
वरील माहितीत भर घालतो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, त्यामुळे डाव्या दंडावरची पट्टी पुढच्या दृश्यात उजव्या दंडावर जाते, किंवा नाईकाच्या बाहीवरच्या दोन फिती बढती नसताना तीन होतात. त्यासाठी संहितेतच प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर दिनांक, वेळ आणि त्या क्षणी पात्राचे पद लिहून ठेवावे, आणि कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या सहायकाने प्रत्येक शॉटनंतर गणवेशाचे छायाचित्र काढावे. दिनांक लिहिला की पत्र पोहोचायला लागणारे आठवडेही आपोआप हिशोबात येतात. तुमच्या खर्ड्यात जखमी झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी घरी येत असेल, तर तो प्रसंग सर्वांत आधी दुरुस्त करा.