दुधाचा दगड रोज धुवायचा, मग घंगाळ घासले तर बिघडले कुठे?

वाडेकरी (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आहे. माझी भाची गेली दोन वर्षे आमच्याकडे राहून महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत शिल्पकला शिकते आहे. मागच्या जूनमध्ये तिने चौकातल्या पन्हळीखाली माझ्या आजोबांच्या वेळचे एक पितळी घंगाळ ठेवले. पावसाचे पाणी त्यात पडावे, आटावे, पुन्हा पडावे आणि आतून जो हिरवट-पांढरा थर चढेल तो तिच्या वर्षअखेरच्या मांडणीशिल्पाचा मुख्य भाग व्हावा, अशी तिची योजना होती. ही योजना मला ठाऊक होती, तिच्या मामीला ठाऊक होती. आजीला, म्हणजे माझ्या आईला, सांगायचे मात्र सगळ्यांच्याच राहून गेले. दिवाळीला चार दिवस असताना आईने चिंच आणि राख घेऊन ते घंगाळ इतके लख्ख घासले, की त्यात तोंड पाहावे.

भाची दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आम्हाला जर्मनीतल्या डॉर्टमुंडची हकीकत सांगितली. तिथल्या ओस्टवाल संग्रहालयात मार्टिन किप्पेनबर्गर या कलावंताची १९८७ सालची एक कलाकृती होती. लाकडी पट्ट्यांचा उंच मनोरा, त्याच्या खाली रबराचे एक पसरट भांडे, आणि त्या भांड्यात पाणी वाळून राहिल्यासारखा फिकट डाग. २०११ मध्ये सफाई करणाऱ्या बाईंनी तो डाग घाण समजून घासून काढला. कलाकृतीचा विमा आठ लाख युरोंचा होता. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘छतातून ठिबकू लागते तेव्हा’ असा होतो, हे ऐकून आई हसली आणि त्यामुळे वातावरण थोडे निवळले.

मग भाचीने वोल्फगांग लाइब या दुसऱ्या जर्मन कलावंताच्या दुधाच्या दगडाचे छायाचित्र दाखवले. पांढऱ्या संगमरवराची लादी, तिच्यावर काठोकाठ दूध. संध्याकाळी ते काढून लादी धुतात आणि सकाळी पुन्हा भरतात. त्यावर आईने जे विचारले त्याचे उत्तर भाचीलाही देता आले नाही, म्हणून ते इथे विचारतो. तो दगड रोज धुतला तर ती कला, आणि मी घंगाळ एकदा धुतले तर नासधूस, हे कसे? आणि दुधाचा अभिषेक तर आमच्या देवघरातही होतो, त्याला कोणी कला म्हणत नाही. मग फरक नेमका कशात आहे?

छिन्नी

आपल्या मातोश्रींचा प्रश्न आमच्या वर्गात विचारला गेला असता तर एक अख्खी दुपार त्यातच गेली असती. मी त्याच विद्याशाखेत शिकलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी दुधाचा दगड कसा असतो ते पाहू, कारण छायाचित्रात त्याची मुख्य गोष्ट दिसत नाही. लाइब यांनी पहिला दगड १९७५ मध्ये केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले होते. डॉक्टरकी मात्र त्यांनी कधी केली नाही. दगडाचा वरचा पृष्ठभाग घासून घासून त्यात इतकी उथळ खोली आणलेली असते, की कडेला केवळ एक बारीक काठ उरतो. त्या खोलीत दूध ओतले की ते काठापर्यंत येऊन थांबते आणि दगड कुठे संपला व दूध कुठे सुरू झाले हे डोळ्याला कळत नाही. पाहणाऱ्याला ती सलग पांढरी लादी वाटते, आणि जवळ गेल्यावर तिचा पृष्ठभाग किंचित हलतो. हे दृश्य काही तासच टिकते, कारण दूध नासते. म्हणून रोजचे काढणे, धुणे आणि भरणे ही त्या कामाची देखभाल नसून ते कामच आहे. प्रदर्शनाच्या आरंभी लाइब स्वतः दूध ओतत, पुढे संग्रहालयातले कर्मचारी किंवा दगडाचा मालक ते करतो. ज्याला रोज दूध घालायचे नाही त्याने तो दगड विकत घेतला तर त्याच्या घरी निव्वळ संगमरवर येतो.

याच कलावंताने १९७० च्या दशकापासून आपल्या गावाच्या परिसरातल्या झाडाझुडपांचे परागकण हाताने गोळा केले आहेत. २०१३ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी हेझल या कवचफळाच्या झुडपाच्या परागकणांचा सुमारे साडेपाच मीटर रुंद आणि साडेसहा मीटर लांब असा पिवळा चौक जमिनीवर चाळला. चाळला हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपण पिठीसाखर चाळतो त्याच हाताने. प्रदर्शन संपले की हे कण उचलून पुन्हा बरणीत जातात.

किप्पेनबर्गरच्या रबरी भांड्याचा काळ याहून वेगळा आहे. दुधाच्या दगडात काळ रोज नव्याने सुरू होतो, तर त्या भांड्यात तो साचलेला आहे. आणि एक बारकावा आपल्या भाचीला जरूर सांगा. तो डाग खरोखरीच्या पाण्याचा नव्हता, सुकलेल्या पावसाच्या पाण्यासारखा दिसावा म्हणून रंगवलेला थर होता. म्हणजे सफाई करणाऱ्या बाईंनी घाण काढली नाही, चित्र पुसले. आणि किप्पेनबर्गर १९९७ मध्ये वारले असल्यामुळे ते त्याच हाताने पुन्हा रंगवून मिळणे शक्य नव्हते. आपल्या घंगाळाचे तसे नाही. पितळेतल्या तांब्यावर हवा आणि ओल यांमुळे चढलेला तो कळंक होता, चिंचेतल्या आम्लाने तो विरघळला, आणि पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा येईल. भाचीचे चार-पाच महिने गेले हे खरे, पण काम गेलेले नाही.

अभिषेकाबद्दल माझे मत असे आहे, की तिथे दूध कोणाला तरी अर्पण होते आणि वाहून जाते, तर लाइब यांचे दूध कोणालाही अर्पण होत नाही, ते पाहण्यासाठी थांबवलेले असते. लाइब यांनी लहानपणापासून भारतात अनेकदा प्रवास केला आहे, त्यामुळे आपल्याला ही कृती ओळखीची वाटते यात नवल नाही. परंतु म्हणून ती आपल्या पूजेची नक्कल ठरत नाही.

रावपुरा

छिन्नी यांचे विवेचन पटले, पण त्यातून असे सूचित होते की जपावे कसे हे कलावंत ठरवतो आणि बाकीच्यांनी ते पाळायचे. जर्मनीतला अनुभव इतका सरळ नाही. योझेफ बॉइस या जर्मन कलावंताने १९८२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीतल्या आपल्या खोलीत छताजवळच्या कोपऱ्यात सुमारे पाच किलो लोणी थापले होते. जानेवारी १९८६ मध्ये बॉइस गेले, आणि त्याच वर्षी खोलीची साफसफाई होताना ते लोणी काढून टाकण्यात आले. त्यांच्या एका शिष्याने दावा लावला आणि अखेरीस राज्य सरकारने चाळीस हजार मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) भरपाई दिली. लोणी कोपऱ्यात ठेवायचे की काढायचे हे शेवटी झाडू हातात असणाऱ्याने ठरवले, आणि न्यायालयाच्या दारात त्याची किंमत ठरली.

त्याच बॉइसचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. जर्मनीतल्या कासेल शहरात १९५५ पासून ‘डॉक्युमेंटा’ हे मोठे कलाप्रदर्शन भरते (आपल्या बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर १९९२ च्या प्रदर्शनात होते). १९८२ च्या प्रदर्शनासाठी बॉइस यांनी सात हजार बेसाल्टचे खांब फ्रिडेरिचियानुम संग्रहालयासमोरच्या मैदानात रचून ठेवले आणि जाहीर केले की शहरात एक झाड लागेल तेव्हाच त्यातला एक दगड हलेल व त्या झाडाशेजारी रोवला जाईल. पाचशे मार्क देऊन कोणालाही एक झाड आणि एक दगड पुरस्कृत करता येत असे. संग्रहालयासमोरचा ढीग लोकांना खुपत होता, गाड्या लावायची जागा गेली म्हणून तक्रारी होत्या, आणि ढीग कमी करण्याचा मार्ग एकच होता. शेवटचे झाड १९८७ मध्ये, बॉइस यांच्या पश्चात, त्यांच्या मुलाने लावले. सगळी झाडे ओकची नाहीत, पण नाव ‘सात हजार ओक’ असेच राहिले. लावले तेव्हा दगड रोपापेक्षा भक्कम दिसत होता. आज दगड तेवढाच आहे आणि झाडाच्या बुंध्याशी तो ठेंगणा वाटतो. त्या झाडांना पाणी घालणारे, फांद्या छाटणारे, मेलेल्या झाडाच्या जागी नवे लावणारे लोक कलावंत नाहीत, पण त्यांच्याशिवाय ही कलाकृती १९८७ मध्येच संपली असती. वडांवरून नाव पडलेल्या शहरात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तेव्हा आपल्या मातोश्रींना नासधूस करणाऱ्या म्हणू नये. त्यांनी साठ वर्षे ते घंगाळ टिकवले नसते, तर भाचीला पन्हळीखाली ठेवायला प्लॅस्टिकची बादली मिळाली असती.

कमाटीबाग

नोकरीच्या निमित्ताने मी चार वर्षे बर्लिनमध्ये होतो. वरील चर्चेत दोन उदाहरणे घालतो, कारण ती परस्परांच्या अगदी उलट आहेत.

पहिले जर्मन संसदभवनातले, म्हणजे राइशस्टागमधले. हान्स हाके या कलावंताने राइशस्टागच्या उत्तरेकडील अंगणात २००० साली एक मोठा वाफा केला आणि त्यात ‘जनतेला’ अशा अर्थाची अक्षरे बसवली. इमारतीच्या दर्शनी भागावर १९१६ पासून ‘जर्मन लोकांना’ अशी अक्षरे आहेत, त्याला दिलेले हे उत्तर होते, आणि म्हणूनच त्यावर संसदेत मोठा वाद होऊन केवळ दोन मतांनी, २६० विरुद्ध २५८, मंजुरी मिळाली. खासदारांनी आपापल्या मतदारसंघातून माती आणून वाफ्यात टाकायची असते. नियम असा, की त्या मातीतल्या बियांतून जे उगवेल ते उगवू द्यायचे. त्याला माळी नाही. इथे हात न लावणे हीच जपणूक आहे. आपल्या भाचीचे घंगाळ मला या वाफ्याच्या जवळचे वाटते.

दुसरे उदाहरण पदपथावरचे. गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने १९९२ पासून, नाझी राजवटीत ज्यांना घरातून नेले गेले त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, दहा सेंटिमीटर बाजूचा, वर पितळी पत्रा चढवलेला चौकोनी ठोकळा फरसबंदीत बसवायला सुरुवात केली. बहुतेकांवर ‘इथे राहत होते’ असा आरंभ, मग नाव, जन्मवर्ष आणि पुढे काय झाले ते. २०२३ मध्ये असे एक लाख दगड पूर्ण झाले. पितळ काळवंडते, नाव वाचता येत नाही, म्हणून आसपासचे रहिवासी, विशेषतः ९ नोव्हेंबरला (१९३८ मध्ये याच रात्री ज्यूंवर हल्ले झाले) आणि २७ जानेवारीला (आउशवित्झ छळछावणीच्या मुक्तीचा दिवस), गुडघ्यांवर बसून ते घासतात. हे मी पाहिले आहे; थंडीत हातमोजे काढून एक वृद्ध बाई चकाकी येईपर्यंत घासत होत्या. म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवू दिले नाहीत, कारण मृतांच्या नावांवर पाय पडणे तिथल्या ज्यू समाजातील काहींना असह्य वाटले. मला तेव्हा पंढरपूरची नामदेव पायरी आठवली. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली, आणि आपण मात्र पाय न ठेवता, डोके टेकून, ती ओलांडून जातो. दोन्हीकडे आदरच आहे, पण तो कसा दाखवावा यावर एकमत नाही.

तुमच्या आईंना हे दगड नक्की आवडतील.

वाडेकरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री सगळी उत्तरे आईला आणि भाचीला मोठ्याने वाचून दाखवली. बर्लिनच्या बाईंपाशी आल्यावर आईने विचारले, ‘चिंचेने घासतात का?’ चिंच तिकडे कुठून मिळणार, असे मी म्हणालो.

भाचीने आता योजना बदलली आहे. घंगाळ पुन्हा पन्हळीखाली जाईल, मात्र त्याचा अर्धा भाग आजी दर शनिवारी घासेल आणि अर्ध्याला कोणी हात लावणार नाही. आईने मान्य केले आहे, पण अर्धे भांडे तसेच सोडताना हात राहणार नाही अशी शंकाही तिने बोलून दाखवली. एक व्यावहारिक अडचण आहे: चिंचेचे पाणी दुसऱ्या अर्ध्यावर ओघळू नये यासाठी काय करावे?

छिन्नी

मधोमध पातळ केलेल्या मेणाची बोटभर रुंद पट्टी ओढा आणि घासताना घंगाळ घासायच्या बाजूला कलते ठेवा. मेण दर आठवड्याला तपासावे लागेल, कारण राखेने ते खरवडले जाते. आणि तुळशीजवळचे पाणी त्यात जाऊ देऊ नका, मातीने थराचा रंग बदलतो.